धुराचा सराव

केंद्रात सगळे तिला तोंडावर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘आपत्ती’. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि दुसरं नाव तिला जास्त आवडायचं.

वेगवेगळ्या देशांतून निवडलेली माणसं अंतराळ स्थानकावर जाण्याआधी तयारीसाठी त्या केंद्रात यायची. त्यांची भाषा निराळी, खाणं निराळं, विनोद निराळे. आणि वर गेल्यावर मात्र महिनोन्‌महिने एकाच डब्यात एकमेकांच्या उरावर राहायचं. वर जी जी संकटं येऊ शकतात ती त्यांच्यावर आधी जमिनीवर आणून सोडायची, हे बाईचं काम. आग लागली, हवा गळायला लागली, विषारी वायू सुटला, संडास तुंबला. गोदामाएवढ्या एका दालनात स्थानकाची हुबेहूब नक्कल उभी केलेली होती. नळकांड्यासारख्या खोल्या, मधे जाडजूड गोल दारं, भिंतीभर कपाटं आणि वायरी. त्या खोट्या स्थानकाची फट न्‌ फट बाईला नुसत्या हाताने चाचपून ओळखता यायची. तिच्या हाताखालून गेलेली माणसं वरून सुखरूप उतरली की फोन करायची. म्हणायची, ‘बाई, तुम्ही छळलंत त्याच्या निम्मासुद्धा त्रास वर झाला नाही.’

ती स्वतः मात्र कधी वर गेली नव्हती.

जाणार होती. ऐन तारुण्यात, शेवटच्या फेरीत, एका जागेसाठी दोघंच उरली होती. ती आणि एक देखणा, गोडबोल्या तरुण. सराव पाण्याखालचा होता. मोठ्या तलावात स्थानकाच्या बाहेरच्या भिंतीचा सांगाडा बुडवून ठेवलेला असतो. जड पोशाख घालून माणसं त्यावर दुरुस्तीचं काम शिकतात. जोडीने उतरायचं, आणि एकमेकांच्या दोराचा आकडा एकमेकांनी अडकवायचा. त्याने तिचा आकडा अडकवलाच नाही. विसरला की मुद्दाम, ते देव जाणे. ती घसरून सांगाड्याखाली गेली, तिची हवेची नळी दोन दांड्यांच्या मधे चेपली. तिने हाक मारली. कानातल्या यंत्रातून त्याचं उत्तर आलं, ‘एक मिनिट.’ आणि तो आपले बोल्ट आवळत राहिला, कारण घड्याळ चालू होतं. पाणबुड्यांनी तिला वर ओढून काढलं तोवर डाव्या कानाचा पडदा फाटला होता.

चौकशीत त्याने मान खाली घालून सांगितलं, “ती घाबरली. दोर तिनेच सोडला. मी दोष देत नाही तिला, होतं असं.” बोलताना त्याच्या आवाजात इतका कळवळा होता की समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. घाबरणाऱ्या माणसाला कोणी अंतराळात पाठवत नाही. तिचा निकाल लागला. जागा त्याला मिळाली.

बाईची आई तेव्हा कपडे शिवायची. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाईकाचं माप घेता घेता ‘माझी लेक वर चाललीये’ असं तिने सांगून टाकलं होतं. पुढे वर्षभर तीच गिऱ्हाइकं विचारत राहिली, ‘गेली का हो मुलगी?’ आईने शेवटी दारावरची पाटीच काढून टाकली. पुढे तो वर गेला, परत आला, टीव्हीवर फुलांच्या हारात झळकला, तेव्हा आईने पायातली चप्पल पडद्यावर भिरकावली. पडदा फुटला नाही. आईला त्याचंच जास्त वाईट वाटलं.

केंद्राने दयेपोटी बाईला प्रशिक्षकाची नोकरी देऊ केली, तेव्हा तिने पटकन हो म्हटलं. आई चक्रावली.

“तिथंच? जिथं तुझं नाक कापलं गेलं तिथं?”

“वर जाणाऱ्या प्रत्येकाला तिथूनच जावं लागतं, आई. दुसऱ्यांदा जाणाऱ्यालासुद्धा.”

आई टाका घालता घालता थांबली. लेकीकडे तिने नीट पाहिलं. मग म्हणाली, “मग डबा मोठा घेऊन जात जा. वेळ लागेल.”

वेळ लागला खरा. बाईचे केस कानशिलापाशी पांढरे झाले. आणि मग एके दिवशी संचालकांनी नव्या टीमची नावं वाचून दाखवली. टीम तिघांची. एक डॉक्टर, तरुण, गालावर खळी पडणारी, पहिल्यांदाच वर जाणारी. एक इंजिनीयर, इतका उंच की सगळे त्याला पहिल्याच दिवसापासून लंबू म्हणायला लागले. आणि त्यांचा कप्तान. तोच.

संचालक निवृत्तीला आलेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, “तुमचं काहीतरी जुनं आहे म्हणतात. दुसऱ्या कोणाकडे देऊ का ही टीम?”

“जुनं?” बाई म्हणाली. “साहेब, मला तर आठवतही नाही.”

कप्तान दालनात आला तो हात पसरूनच. अंगाने भरला होता, पण हसू तसंच, दाखवायला ठेवल्यासारखं. “अगं! तू अजून इथेच?”

“तुमचीच वाट पाहत होते, कप्तानसाहेब,” बाई म्हणाली. त्या ‘तुम्ही’ने तो क्षणभर अडखळला. मग तो डॉक्टरकडे वळून म्हणाला, “आम्ही जुने मित्र. बाईंच्या हाताखाली शिकायला नशीब लागतं.”

बाईने सुरुवात लहान लहान गोष्टींपासून केली. पाण्याखालच्या सरावात त्याला नेमका बगलेत काचणारा पोशाख यायचा. टिकाऊ जेवणाची चव घ्यायच्या दिवशी त्याच्या वाट्याला कायम तो राखाडी लगदा, ज्याची चव ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. आणि मग संडासाचा सराव. वर माणसाला वजन नसतं, त्यामुळे बैठकीचं भोक अगदी लहान, आणि बसण्याचा नेम अचूक लागतो. सरावासाठी एक बैठक आहे, तिच्या आत कॅमेरा असतो आणि समोर पडदा. कपडे घालूनच बसायचं, पण बसायचं मात्र नीट.

“मी एकदा जाऊन आलोय वर,” कप्तान म्हणाला.

“म्हणूनच. सवयी बिघडलेल्या असतात.”

तो बसला. पडद्यावर त्याच्या पॅंटची शिवण दिसायला लागली. “डावीकडे,” बाई म्हणाली. “अजून. अहो, इकडे कुठे चाललात? कप्तानसाहेब, नेम!” लंबू भिंतीला टेकून खो खो हसत होता. बाईने त्याला पुनःपुन्हा उठवलं, पुनःपुन्हा बसवलं. तिला वाटलं आता चिडेल, आता खरा चेहरा उघडा पडेल. पण तो पडद्याकडे बोट करून म्हणाला, “इतक्या जवळून मला बायकोनेसुद्धा पाहिलेलं नाही,” आणि डॉक्टरसकट सगळे त्याच्या बाजूने हसले. बाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

मग आला धुराचा पहिला सराव. प्रयोगशाळेच्या खोलीत धूर सुटतो. तिघांनी मास्क चढवायचे, एकमेकांना आवाज देऊन मोजायचं, गोल दारातून स्थानकाला जोडलेल्या यानाच्या नकलेत जायचं, आणि शेवटच्या माणसाने दार ओढून घ्यायचं. कप्तानाने सर्वांत शेवटी निघायचं, आणि सगळे बाहेर पडल्याची खात्री झाल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही. त्यात दुसरं काही नाही. बाई काचेमागे बसून डोळ्यांत तेल घालून पाहत राहिली. त्याने सगळं बिनचूक केलं. डॉक्टरचा पट्टा सैल होता, तो स्वतः थांबून त्याने आवळून दिला. लंबूला पुढे घातलं. शेवटी स्वतः निघाला.

“अशा माणसाबरोबर मी कुठेही जाईन,” मास्क काढत डॉक्टर म्हणाली.

संध्याकाळी आईने दार उघडताच विचारलं, “पडला का तोंडावर?”

“नाही. छान केलं त्याने.”

आई खुर्चीत बसली. तिचे गुडघे आता धड वाकत नव्हते. “शहाणा झाला असेल मग. वय झालं की होतात काही पुरुष.”

“तूसुद्धा त्याची बाजू घे.”

“मी कशाला घेऊ मेल्याची बाजू? मी आपलं म्हटलं.”

बाई जेवली नाही. ती खिडकीशी उभी राहून समोरच्या इमारतीतली माणसं पाहत राहिली. कोणी कपडे वाळत घालत होतं, कोणी मुलाला रागावत होतं. तिला काय सलत होतं हे तिचं तिलाच हळूहळू उलगडलं. तो शहाणा झालेला नव्हता. दिवे चालू होते. कॅमेरे चालू होते. टाकीत हवा भरपूर होती. उजेडात, पोट भरलेलं असताना, लोक पाहत असताना तो नेहमीच भला माणूस होता. पाण्यात मात्र त्या दिवशी कोणी पाहत नाही असं त्याला वाटलं होतं, आणि घड्याळ चालू होतं. त्याला तशाच जागी न्यायला हवं. एकदाच.

शेवटचा सराव पाहायला तिन्ही देशांचे प्रतिनिधी आणि वार्ताहर येणार होते. ते वरच्या सज्जात बसणार. त्या सकाळी बाई मास्कच्या खोलीत एकटी गेली. प्रत्येकाचा मास्क आपापल्या खणात असतो, त्याला हवेची लहान टाकी जोडलेली. तिने कप्तानाच्या खणातली भरलेली टाकी काढली आणि वापरून झालेल्यांतली एक लावली. टाकीच्या तबकडीवरची सुई लाल पट्ट्यात होती. ज्याला पाहायचं त्याला दिसत होती. सरावाला निघण्याआधी आपापली सुई पाहून घ्यायची, हा नियम बाई प्रत्येक टीमला पहिल्याच दिवशी शिकवायची.

डॉक्टरने पाहिली. लंबूने पाहिली. कप्तान मास्क काखेत मारून सज्जाकडे वळला आणि ‘सगळं ठीक’ म्हणून वार्ताहरांकडे पाहून अंगठा उंचावत उभा राहिला. बाई त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. ‘सुई बघा,’ एवढे दोन शब्द म्हणायला तिला भरपूर वेळ होता. तिने म्हटले नाहीत.

नियंत्रण कक्षातल्या साहाय्यकाला ती म्हणाली, “पुढचं तू बघ, मी मागून एक चक्कर मारून येते.” खोट्या स्थानकाच्या भिंतीमागे दुरुस्तीसाठी अरुंद बोळ आहे. आडवं होऊन सरकत जावं लागतं. प्रयोगशाळेच्या मागे एक जाळी आहे, तिला डोळा लावला की आतली खोली दिसते. तिथेच विजेची पेटी. बाईच्या हातात सराव तत्काळ थांबवायचं लाल बटण होतं. प्रशिक्षकाने ते क्षणभरही खाली ठेवायचं नसतं.

धूर सुटला. ठरला होता त्याहून दाट. तेही बाईनेच करून ठेवलं होतं. हा धूर विषारी नसतो, नाटकात वापरतात तसलाच, पण श्वासात गेला की छाती भरून येते आणि माणसाला वाटतं संपलं. तिघांनी मास्क चढवले. आवाज दिले. एक, दोन, तीन. बाईने पेटीतली कळ खाली ओढली.

दिवे गेले. त्यांच्याबरोबर कॅमेरेही गेले. खाली जमिनीलगत वाट दाखवणारी हिरवी पट्टी तेवढी मिणमिणत राहिली. सज्जातल्या लोकांना वाटलं हा सरावाचाच भाग असणार. काहींनी ‘वा’ म्हटलं.

आधी लंबू दारातून पलीकडे गेला. डॉक्टर त्याच्या मागे सरकत होती, तेवढ्यात तिच्या मास्कची नळी कपाटाच्या हुकात अडकली. ती गुडघ्यांवर बसून नळी सोडवायला लागली. “अडकलेय,” तिने हाक दिली. कप्तान तिच्या मागेच होता. तो वाकला, आणि त्याच क्षणी त्याची टाकी संपली.

बाईला तो आवाज जाळीतून ऐकू आला. उजव्या कानाने, पण स्वच्छ. घशातून निघालेली एक कोरडी ओढ. त्याने मास्कवर थाप मारली. दुसरी ओढ. मग तो डॉक्टरला ओलांडून दाराकडे झेपावला. डॉक्टरने त्याचा पाय धरला. कुठे काही धरायचं म्हणून नव्हे, तो तिला सोडून चाललाय हे कळून धरला. “कप्तान! नळी!” तो ओरडला नाही, काही बोलला नाही. त्याने पाय झाडला, सुटला नाही म्हणून टाच उचलून आधी तिच्या मनगटावर, मग तोंडावर मारली. मास्क बाजूला सरकला. तो दारातून पलीकडे गेला. पलीकडून लंबूचा आवाज आला, “डॉक्टर मागे आहे!” आणि कप्तानाचा, घोगरा, “ओढ. दार ओढ.”

बटण बाईच्या मुठीत होतं. लाथ बसली तेव्हाच दाबायला हवं होतं. तिने दाबलं नाही. तिला ते दार लागताना पाहायचं होतं. गोल दार हळूहळू फिरलं, चौकटीत बसलं, पलीकडून कडी पडली. डॉक्टर खोकत, धूर गिळत, हिरव्या पट्टीवर आडवी झाली. आणि बाईच्या छातीत काहीतरी इतक्या वर्षांनी मोकळं झालं. आनंदच होता तो, दुसरं नाव देता येणार नाही.

मग तिने बटण दाबलं.

डॉक्टरला बाहेर आणलं तेव्हा तिची भुवई फाटलेली होती आणि मनगट सुजलं होतं. केंद्राच्या दवाखान्यात तिला टाके पडले. दुसऱ्या दिवशी संचालकांच्या खोलीत चौकशी बसली. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, एका बाजूला कप्तानाच्या देशाची प्रतिनिधी, करड्या कोटातली, काटेकोर स्त्री. समोर टीमचे तिघं. कॅमेऱ्यांत काहीच नव्हतं. डॉक्टरने घडलं ते सांगितलं. मग कप्तान बोलला.

“माझी टाकी रिकामी निघाली. तरी मी थांबलो, जमिनीवर हात फिरवून तिला शोधलं. ती तिथे नव्हती. अंधारात उलट्या बाजूला गेली असणार, कपाटावर आपटली असणार.” त्याने डॉक्टरकडे हळुवारपणे पाहिलं. “मी दोष देत नाही तिला. ती घाबरली. होतं असं.”

डॉक्टर ताडकन उठली. “मी पाय धरला होता तुमचा!”

“तुला तसं वाटलं असेल.”

प्रतिनिधीने मान डोलावली. संचालकांनी घसा साफ केला. “टाकी रिकामी कशी राहिली, हे आपण भांडारवाल्यांना विचारू. बाकी डॉक्टरांना थोडी विश्रांती, आणि फेरविचार…”

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. गप्प राहिली असती तर कोणी तिला काही विचारणार नव्हतं. कप्तानाचा खरा चेहरा तिने पाहिला होता, एकटीने. तेवढ्यावर समाधान मानून घरी जाता आलं असतं. पण मग तो पुन्हा वर जाणार, पुन्हा हार घालून घेणार. आणि ही मुलगी कुठल्यातरी देशात कोणाच्यातरी दयेच्या नोकरीवर बसणार.

“भांडारवाल्यांना कशाला विचारता?” ती उठत म्हणाली. “टाकी मी बदलली. दिवे मी घालवले. आणि जाळीमागे मी उभी होते.”

प्रतिनिधीने वही उघडली.

तिने सगळं सांगितलं, एकही शब्द न सजवता. हुक, नळी, पाय, टाच, दार. कप्तानाचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो प्रतिनिधीकडे वळला. “ही सूड उगवतेय. हिला त्या वेळी काढलं ना, म्हणून. इतकी वर्षं हेच उराशी धरून बसलीये!”

“हो, उगवतेय,” बाई म्हणाली. “सूडच आहे हा. पण त्याने तुझी लाथ खोटी होत नाही.”

त्या ‘तुझी’वर संचालकांनी दचकून पाहिलं.

“पुरावा?” प्रतिनिधीने विचारलं. “तुमचं वैर तुम्ही स्वतःच कबूल करताय. तुमच्या शब्दावर आम्ही कसा विश्वास ठेवायचा?”

बाईने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं. “माझी नोकरी तर आत्ताच गेली. आता मी खोटं कशासाठी बोलू?” मग ती लंबूकडे वळली. तो उंच माणूस खुर्चीत घडी घातल्यासारखा बसला होता. वर जायची त्याचीही पहिलीच वेळ होती. कप्तान त्याच्याबद्दल एक शब्द वाईट बोलला असता तर त्याचीही जागा गेली असती. “तुला मी काही सांगायला सांगत नाही,” बाई म्हणाली. “पाण्याखाली माझ्याजवळही एक पाणबुड्या होता. त्यानेही पाहिलं होतं. तो गप्प बसला, आणि त्याला मी कधीच काही बोलले नाही. तुलाही बोलणार नाही.”

लंबूने दोन्ही हातांनी तोंड चोळलं. मग टेबलाकडे पाहतच म्हणाला, “मी दाराशी होतो. लाथ मी पाहिली नाही, पण तिचा आवाज आला. मी म्हटलं डॉक्टर मागे आहे. ते म्हणाले, ओढ. आणि मी ओढलं.” त्याने डॉक्टरकडे पाहिलं. “दार मीच ओढलं.”

दुपारी बाई कपाट रिकामं करून आवारात आली तेव्हा कप्तान गाडीशी उभा होता. त्याचं सामान डिकीत भरलेलं. नाव यादीतून गेलं होतं. फाटकाजवळ पहारेकरी पेपर वाचत होता. कप्तान तिच्या डाव्या बाजूने आला आणि हलकेच काहीतरी बोलला.

“या कानाने ऐकू येत नाही मला,” ती म्हणाली. “परत बोल.”

त्याने जबडा आवळला. “म्हटलं, आकडा मी लावलाच नव्हता तेव्हा. झालं तुझं समाधान?”

“अजून मोठ्याने.”

“आकडा मी लावला नव्हता!” तो ओरडला. पहारेकऱ्याने पेपर खाली केला. कप्तानाने इकडेतिकडे पाहिलं, गाडीत बसला, दार आपटलं. गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत बाई जागची हलली नाही. तिला अजून थोडा वेळ तिथे उभं राहायचं होतं.

दोन-तीन दिवसांनी ती दवाखान्यात डॉक्टरला भेटायला गेली. डॉक्टर खिडकीजवळच्या पलंगावर बसली होती, भुवईवर पट्टी, मनगट झोळीत. तिने बाईला बसायला सांगितलं नाही.

“मला एकच विचारायचंय,” डॉक्टर म्हणाली. “बटण तुमच्या हातात होतं ना?”

“होतं.”

“मग लाथ बसली तेव्हा का नाही दाबलं?”

बाईने येताना बरंच काही बोलायचं ठरवलं होतं. धूर विषारी नव्हता, हे. मी सांगितलं नसतं तर तुझंही माझ्यासारखं झालं असतं, हेही. ते सगळं तिने बाजूला ठेवलं. “मला त्याला दार लावताना पाहायचं होतं.”

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिली. गालावरची खळी आज कुठेच दिसत नव्हती. “मला वाटलं मी मरतेय. पट्टीवर आडवी पडून मी माझ्या बहिणीचं नाव घेत होते. तुम्ही ऐकलंत?”

“ऐकलं.”

“म्हणजे त्याने मला लाथ मारली, आणि तुम्ही बघत बसलात.”

“हो.”

“जा तुम्ही,” डॉक्टर म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. बाई गेली.

पुढे राखीव टीम वर गेली. लंबूला पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करायला लावली, आणि तो कामाला लागला. डॉक्टरचं मनगट बरं व्हायला वेळ लागला, पण ती तिसऱ्या टीममधून गेली, आणि वरून परत आली. तिने बाईला फोन केला नाही. बाईने तिचं उतरणं टीव्हीवर पाहिलं. यानातून उचलून बाहेर काढतात तेव्हा सगळेच जरा गळून गेलेले असतात, तशीच डॉक्टरही होती, आणि हसत होती.

बाई आता बंदरावर काम करते. मालवाहू जहाजांवर चढणारे आचारी, खलाशी, यंत्रवाले तिच्याकडे आग विझवायला शिकायला येतात. जुन्या लोखंडी डब्यात धूर सोडतात आणि ती त्यांना एकेक करून आत नेते. टाकीची सुई ती स्वतः पाहते, प्रत्येकाची, दोनदा. खलाशी कंटाळतात. म्हणतात, अहो बाई, दिसतेय की हिरवी. तरी ती पाहते.

आई मात्र खुशीत आहे. दारावर तिने पाटी पुन्हा लावलीये, गुडघ्यांमुळे मशिनवर फार बसवत नाही तरी. रविवारी जेवणं झाली की ती खुर्ची जवळ ओढते.

“सांग ना परत. त्याचं तोंड कसं झालं होतं?”

बाई सांगते. पांढरं झालं, मग लाल झालं. ओळखपत्र टेबलावर कसं ठेवलं, लंबू कसा बोलला, आवारात तो कसा ओरडला. आई मधे मधे “मेला!” म्हणते आणि मांडीवर थाप मारते. गोष्ट जाळीपाशी आली की बाई पटकन दिवे गेले, दार लागलं, सराव थांबवला, असं म्हणून पुढे जाते.

“थांबवला कोणी?” आईने एकदा विचारलं.

“मीच,” बाई म्हणाली, आणि ताटं उचलून मोरीकडे गेली.